ही पेशी कुणाची? यकृताच्या कर्करोगातल्या जनुक-नियंत्रक प्रथिनांचा इतिहास

मागच्या जुलैत माझा प्रोग्रेस सेमिनार होता. बाहेर मुळशीचा पाऊस, समोरचा डोंगर ढगात गडप, आणि आत पडद्यावर माझी दुसरी स्लाइड: ‘हेप-जी२: यकृताच्या कर्करोगाच्या मानवी पेशी’. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी तिथंच थांबवलं.

“या पेशी कुणाच्या?”

“शेजारच्या लॅबमधून आणल्या, मॅडम.”

“कुठून आणल्या ते नाही विचारलं. कुणाच्या, ते विचारलं.”

मला उत्तर येईना. आठ महिने मी त्या पेशी वाढवत होते. दर दोन दिवसांनी माध्यम बदलायचं, वीज गेली की इन्क्युबेटरपाशी धावायचं, रविवारीसुद्धा डोंगर चढून लॅबला जायचं. पण त्या कुणाच्या शरीरातून आल्या हे मी कधी वाचलंच नव्हतं. बाटलीवर नाव होतं, तेवढं पुरे वाटलं होतं.

त्या रात्री १९७९ चा मूळ पेपर काढला, मग त्यानंतरचे. दीडच्या सुमाराला जे समजलं त्यानं झोप उडाली. मी बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाचा मार्ग एका औषधी रेणूमुळे किती ‘चालू’ होतो, ते मोजत होते. आणि माझ्या पेशींमध्ये बीटा-कॅटेनिनच्या जनुकाचा एक तुकडा मुळातच गायब होता. त्यामुळे तो मार्ग कायमचा चालूच! नळ आधीच उघडा आहे आणि मी बादलीत पाणी किती आलं ते मोजतेय, असा प्रकार.

पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच संशोधनात पाऊल टाकणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठी हा लेख लिहितेय. यकृताच्या कर्करोगात जनुकांचं नियंत्रण करणारी प्रथिनं काय करतात, हे आपल्याला कसं कळत गेलं त्याचा हा इतिहास आहे. तो वाचताना मला एक गोष्ट पुन:पुन्हा दिसली. गाडी जिथे अडली, तिथे बहुतेक वेळा ‘हा नमुना कुणाचा?’ हे विचारायचं राहून गेलं होतं. आणि जिथे ती पुढे सरकली, तिथे कुणीतरी नेमकं तेच विचारलं होतं.

प्रश्न जुना, आणि आपल्याच भागातला

१९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथल्या विकृतिशास्त्राचं काम पाहू लागले. मायक्रोस्कोपखाली गाठ आली की तिला नाव देऊन मोकळं व्हायचं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. हा माणूस कोण, कुठला, काय खातो, काय नेसतो, हेही त्यांनी विचारलं. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासोबत चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर शोधनिबंध लिहिला. धोतर कमरेला जिथे घट्ट काचतं तिथे होणारा त्वचेचा कर्करोग आणि खालच्या ओठाच्या आत तंबाखू-चुना धरून ठेवल्यामुळे होणारा कर्करोग त्यात नोंदवलेला आहे. नमुन्याच्या मागचा माणूस दिसला म्हणून कारण दिसलं.

पुढे पेशी बाटलीत वाढवता येऊ लागल्या, जनुकं वाचता येऊ लागली. काम फार वेगानं व्हायला लागलं. पण नमुन्यामागचा माणूस लेबलाच्या मागे गेला.

दारं धरणारी प्रथिनं

आधी शब्द समजून घेऊ. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. तरी यकृताची पेशी अल्ब्युमिन बनवते आणि त्वचेची पेशी बनवत नाही. असं का?

शेतात पाटाचं पाणी देताना कुणीतरी दारं धरायला उभं असतं. पाट एकच, पाणी तेच. पण आत्ता कुठल्या वाफ्याचं दार फोडायचं, कुठलं मातीनं बुजवायचं, हे तो माणूस ठरवतो. पेशीत हे काम ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं करतात. डीएनएवरचा ठरावीक अक्षरांचा छोटा क्रम ती ओळखतात, तिथे बसतात, आणि शेजारच्या जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या यंत्रणेला बोलावतात किंवा अडवतात.

जनुकांना असे नियंत्रक असतात ही कल्पना फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये जिवाणूंच्या अभ्यासातून मांडली. सस्तन प्राण्यांतही असंच होतं का, हे पाहायला यकृत फार सोयीचं ठरलं, कारण हा अवयव मोठा आणि त्याची खास प्रथिनं भरपूर. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेम्स डार्नेल यांच्या गटानं उंदराच्या यकृतातल्या आणि इतर ऊतींतल्या पेशींची तुलना केली. यकृताची खास जनुकं इतर ऊतींमध्ये मुळात वाचलीच जात नव्हती. म्हणजे निर्णय अगदी पहिल्या पायरीवरच होत होता. मग त्या पायरीवर उभं असतं कोण, याचा शोध सुरू झाला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सी/ईबीपी, एचएनएफ१, एचएनएफ४ अशी नावं पुढे आली. यकृताच्या पेशीला ‘तू यकृताची आहेस’ याची आठवण ठेवायला लावणारी ही प्रथिनं. कर्करोग वाढत जातो तसं अनेक गाठींमध्ये एचएनएफ४-अल्फाचं काम मंदावतं, आणि पेशी आपली ओळख विसरत जाते.

पी५३: दहा वर्षांचा गैरसमज

आता त्या प्रथिनाकडे येऊ, ज्याचं नाव जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. १९७९ मध्ये काही प्रयोगशाळांना जवळजवळ एकाच वेळी एक प्रथिन सापडलं. एसव्ही४० या विषाणूच्या प्रथिनाला ते चिकटलेलं होतं. वजन साधारण ५३ हजार डाल्टन दिसलं, म्हणून नाव पी५३. कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर असायचं. १९८४ मध्ये दिसलं की रास या जनुकाच्या जोडीला पी५३ टाकलं तर साध्या पेशी कर्करोगी होतात. निष्कर्ष सरळ होता: हे कर्करोग घडवणारं जनुक आहे.

पण काही लॅबमध्ये हा प्रयोग जमेना. त्यांचं पी५३ काही करेचना. प्रयोग चुकला असेल म्हणून असे निकाल बाजूला ठेवणं सोपं होतं. १९८८-८९ च्या सुमाराला वेगवेगळ्या लॅबमधल्या पी५३ च्या प्रती अक्षरानं अक्षर ताडून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. कर्करोग घडवणाऱ्या प्रती मुळात बिघडलेल्या होत्या, कारण त्या काढल्या होत्या कर्करोगी पेशींमधूनच. जी प्रत ‘काम करत नाही’ म्हणून मागे पडली होती, ती निरोगी होती. १९८९ मध्ये ऑर्नल्ड लेव्हाइन यांच्या गटानं दाखवलं की निरोगी पी५३ उलट कर्करोगी वाढ रोखतं. त्याच वर्षी बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाला मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये पी५३ ची एक प्रत हरवलेली आणि उरलेली बिघडलेली सापडली.

दहा वर्षं वाटत होतं चोर सापडला. प्रत्यक्षात सापडला होता जखमी पहारेकरी.

१९९० मध्ये कळलं की पी५३ जनुकं चालू करू शकतं. १९९३ मध्ये त्यानं चालू केलेलं पी२१ हे जनुक सापडलं. पेशीचं विभाजन थांबवायचं काम पी२१ करतं. म्हणजे डीएनएला इजा झाली की ‘थांब, आधी दुरुस्ती’ म्हणणाऱ्या वाफ्याचं दार पी५३ उघडतं.

२४९ व्या जागेवरची सही

इथून गोष्ट यकृताकडे वळते, आणि तिची सुरुवात होते धान्याच्या बुरशीपासून.

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं मेली. कारण निघालं त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. तिच्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी होती. या नावातूनच विषाचं नाव पडलं अफ्लाटॉक्सिन.

आपल्याकडे त्याचं भयंकर रूप १९७४ च्या अखेरीला दिसलं. गुजरातमधला पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा या लगतच्या भागातल्या दीडशेहून जास्त गावांत काविळीची साथ आली. ताप, उलट्या, कावीळ, मग पोटात पाणी. बहुतेक रुग्ण आदिवासी, आणि त्यांचं मुख्य अन्न मका. त्यांच्यासोबत तेच अन्न खाणारी कुत्रीही मरत होती. काढणीच्या आधी अवकाळी पाऊस झाला होता आणि ओला मका तसाच साठवला गेला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं: ३९७ रुग्ण, १०६ मृत्यू. कुत्री कशानं मेली हे कुणी विचारलं नसतं, तर ही नेहमीची विषाणूची कावीळ म्हणून फाइल बंद व्हायला वेळ लागला नसता.

ही झाली तीव्र विषबाधा. थोडं थोडं अफ्लाटॉक्सिन वर्षानुवर्षं पोटात गेलं तर धोका कर्करोगाचा. यकृतातली एन्झाइमं या विषाचा निचरा करायला जातात, आणि त्या खटपटीत त्याचंच एक जास्त घातक रूप तयार होतं. ते डीएनएतल्या ‘जी’ या अक्षराला चिकटतं. पुढे प्रत काढताना तिथे ‘जी’च्या ऐवजी ‘टी’ येऊ शकतो.

१९९१ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक चीनमधल्या छीतुंगच्या रुग्णांवर, दुसरा दक्षिण आफ्रिकेच्या भागातल्या रुग्णांवर. दोन्ही ठिकाणी धान्यात अफ्लाटॉक्सिन भरपूर आणि यकृताचा कर्करोगही भरपूर. छीतुंगच्या १६ गाठींपैकी ८ गाठींमध्ये पी५३ च्या २४९ व्या कोडॉनमध्येच बदल होता आणि तो बहुतेकांत जी-चा-टी असाच. पी५३ चं जनुक शेकडो ठिकाणी बिघडू शकतं. मग इतक्या जणांत नेमकी तीच जागा का? कारण घाव घालणारं हत्यार एकच होतं. बुरशीनं जणू सही करून ठेवली होती.

त्या बदलामुळे प्रथिनात आर्जिनिनच्या जागी सेरीन येतं. १९९४ मध्ये पी५३ आणि डीएनए यांची एकत्र स्फटिकरचना दिसली, तेव्हा याचा अर्थ लागला. २४९ व्या जागेवरचं आर्जिनिन स्वतः डीएनएला हात लावत नाही. पण डीएनएला धरणाऱ्या वळशाला तेच आधार देतं. आधार गेला की पकड सुटते. एक अक्षर बदललं आणि दारं धरणाऱ्याचा हात लुळा पडला.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. हे सगळं दिसलं कारण गाठी कुठल्या गावच्या, ते लोक काय खात होते, याची नोंद होती. जगभरातल्या गाठी एका ढिगात मिसळल्या असत्या, तर ही सही त्या गर्दीत हरवून गेली असती.

विषाणू आणि बुरशी: बेरीज नव्हे

दुसरा मोठा आरोपी हिपॅटायटिस बी. बारूक ब्लुमबर्ग यांनी त्याचा पृष्ठभागावरचा अँटिजेन १९६० च्या दशकात शोधला, त्याबद्दल १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण हा विषाणू कर्करोग करतो याचा भक्कम पुरावा १९८१ मध्ये तैवानमधून आला. पामर बीझली यांच्या गटानं २२,७०७ पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. विषाणू अंगात बाळगणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट निघाला. जीवशास्त्रात इतका मोठा आकडा क्वचितच भेटतो.

हा विषाणू एचबीएक्स नावाचं एक छोटं प्रथिन बनवतो. ते स्वतः डीएनएवर बसत नाही, पण बसणाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करतं. १९९४ मध्ये पेशींवरच्या प्रयोगांतून दिसलं की ते पी५३ ला चिकटून त्याची डीएनएवरची पकड रोखू शकतं. म्हणजे बुरशी पी५३ चं जनुक बिघडवते आणि विषाणू पी५३ चं प्रथिन अडवतो.

दोघं एकत्र आले तर? शांघायमध्ये १८ हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास झाला, त्याचे आकडे १९९४ मध्ये आले. फक्त अफ्लाटॉक्सिनचा संपर्क: धोका ३.४ पट. फक्त हिपॅटायटिस बी: ७.३ पट. दोन्ही: ५९.४ पट. ही साधी बेरीज नाही, हे सांगायला नकोच.

आणि याच गोष्टीचा एक साक्षीदार आजही लॅबच्या फ्रीझरमध्ये असतो. पीएलसी/पीआरएफ/५ नावाच्या पेशी. मोझांबिकच्या एका रुग्णाच्या यकृताच्या गाठीतून त्या वाढवल्या गेल्या, १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या डीएनएत हिपॅटायटिस बीचा विषाणू घुसलेला आहे आणि पी५३ मध्ये २४९ चा तोच बदल आहे. त्या माणसाच्या गावच्या धान्याची आणि त्याच्या रक्तातल्या विषाणूची नोंद त्या बाटलीत अजून जिवंत आहे. ‘कुणाच्या?’ या प्रश्नाचं उत्तर कधी कधी पेशी स्वतःच देते. आपण वाचायला हवं.

या इतिहासाची एक चांगली बाजूही आहे. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. सहा ते चौदा वयाच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग दर लाखाला ०.७० वरून ०.३६ वर आला. आपल्याकडे ही लस राष्ट्रीय लसीकरणात २००२ पासून प्रायोगिक स्वरूपात आणि २०११ मध्ये देशभर आली. पी५३ वर कुठलंही औषध न देता त्याचा पहारा वाचवायचा हा रस्ता आहे.

एकच प्रथिन, दोन उलटी उत्तरं

एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना बी-लसीकापेशींच्या अभ्यासात सापडलं. दाह सुरू झाला की जी जनुकं जागी होतात, त्यांतल्या पुष्कळांची दारं हे धरतं. यकृताचा कर्करोग बहुधा दीर्घकाळ सुजलेल्या यकृतात होतो, त्यामुळे या प्रथिनावर संशय येणं साहजिक होतं.

२००४ मध्ये एका गटानं पित्त साचून यकृत कायम सुजलेलं राहणाऱ्या उंदरांमध्ये एनएफ-कॅपा-बी अडवलं. कर्करोग पुढे सरकला नाही. २००५ मध्ये दुसऱ्या गटानं एका रसायनानं कर्करोग होणाऱ्या उंदरांच्या यकृतपेशींत त्याला चालू करणारं एन्झाइम काढून टाकलं. कर्करोग वाढला!

कोण चुकलं? कुणीच नाही. रसायनाचा झटका बसतो तेव्हा एनएफ-कॅपा-बी यकृतपेशींना मरू देत नाही. ते नसेल तर पेशी भराभर मरतात आणि ती जागा भरायला उरलेल्या पेशी वेगानं विभागतात. त्यातल्या बिघडलेल्यांचं फावतं. उलट, दाह वर्षानुवर्षं चालू असेल, तर हेच प्रथिन बिघडलेल्या पेशींना जगवत राहतं. जीव वाचवण्याचं काम एकच. कुणाचा जीव आणि कधी, त्यावर परिणाम ठरतो.

मुलाखतीत ‘एनएफ-कॅपा-बी कर्करोगाला मदत करतं की विरोध?’ असा प्रश्न आला, तर एका शब्दात उत्तर देऊ नका. ‘कुठल्या नमुन्यात?’ असं आधी विचारा.

दार तेच, जागा नवी

आता माझ्या बीटा-कॅटेनिनकडे येते. हे स्वतः डीएनए ओळखत नाही, टीसीएफ नावाच्या प्रथिनांच्या खांद्यावर बसून जनुकं चालू करतं. एरवी पेशी त्याला खुणा करून नष्ट करत राहते. १९९८ मध्ये पॅरिसच्या गटाला दिसलं की यकृताच्या सुमारे चौथाई गाठींमध्ये बीटा-कॅटेनिनच्या जनुकात बदल आहेत, आणि ते बदल नेमके या खुणांच्या जागी आहेत. खूण करता येत नाही, म्हणून प्रथिन साचत जातं.

याच प्रथिनाच्या अभ्यासात पुण्याचाही वाटा आहे. संजीव गलांडे यांच्या गटानं इथे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि पुढे आयसरमध्ये सॅटबी१ या नियंत्रक प्रथिनावर काम केलं. सॅटबी१ डीएनएच्या घड्या बांधून एकदम अनेक जनुकांवर परिणाम करतं. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की सॅटबी१ बीटा-कॅटेनिनला सोबत घेऊन टी-पेशींची जनुकं बदलतं. हे काम टी-पेशींतलं आहे, यकृतातलं नाही. मी ते सिनॉप्सिसमध्ये ‘यकृतातही असंच’ म्हणून घुसडलं होतं. तिथेही लाल शाईची रेघ आली. आली ते बरंच झालं.

२०१३ मध्ये आणखी एक वेगळा प्रकार कळला. यकृताच्या सुमारे ६० टक्के गाठींमध्ये टर्ट या जनुकाच्या आधीच्या, नियंत्रणाच्या भागात एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे तिथे ईटीएस कुळातल्या प्रथिनांना बसायला नवी जागा तयार होते. २०१५ मध्ये कळलं की तिथे येऊन बसतं ते जीएबीपी. दारं धरणारा धडधाकट आहे, त्याच्यात काहीच बिघाड नाही. फक्त जिथे दार नव्हतं तिथे कुणीतरी दार पाडून ठेवलं. आणि टर्ट चालू राहिलं की पेशीला म्हातारपण येत नाही.

मग हेप-जी२ कुणाच्या?

अर्जेंटिनातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये बार्बरा नोल्स आणि सहकाऱ्यांनी त्या वाढवल्या, १९७९ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. यकृताची कितीतरी कामं त्या बाटलीतही करत राहतात, म्हणून जगभर पोचल्या. ‘हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा’ हे लेबल त्यांना चिकटलं आणि हजारो शोधनिबंधांतून पुढे सरकत राहिलं. २००९ मध्ये डोलोरेस लोपेझ-टेराडा आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासून मांडलं की ही गाठ हेपॅटोब्लास्टोमा होती. तो मुख्यतः लहान मुलांना होणारा यकृताचा वेगळाच कर्करोग आहे. त्यात बीटा-कॅटेनिनचे बदल फार असतात. यकृताचा जो कर्करोग प्रौढांना विषाणू, दारू, चरबी, बुरशी यांच्यामुळे होतो, तो हा नव्हे.

हेप-जी२ मधलं पी५३ निरोगी आहे, आणि बीटा-कॅटेनिनचा तुकडा गायब आहे. सोबत प्रसिद्ध झालेल्या हेप-३बी मध्ये पी५३ चं जनुकच नाही, वर हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे. दोन्ही बाटल्यांवर ‘यकृताचा कर्करोग’ लिहायचं आणि निकाल एकत्र करायचे, म्हणजे काय होत असेल याचा विचार करा.

याचा अर्थ हेप-जी२ वाईट आहेत असा नाही. निरोगी पी५३ असलेल्या यकृताच्या पेशी हव्या असतील, तर त्या उत्तमच आहेत. प्रश्न पेशींचा नाही, मी त्यांना काय विचारलं त्याचा आहे.

माझं पुढे काय झालं

गाइडसमोर बसून सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “आठ महिने गेले असं म्हणू नकोस. आता तो तुझा कंट्रोल झाला.” बीटा-कॅटेनिन निरोगी असलेल्या पेशींवर प्रयोग पुन्हा केले. रेणूचा जो परिणाम मला हेप-जी२ मध्ये झकास दिसला होता, त्यातला निम्म्याहून जास्त इथे दिसलाच नाही. जो उरला तो लहान आहे, पण तीनदा करून तीनदा तसाच आला. प्रबंधातलं एक प्रकरण बारीक झालं. आता कुणी त्यावर बोट ठेवलं, तर मला उत्तर देता येईल.

तुम्ही काम सुरू कराल तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या प्रयोगाच्याही आधी, एवढं लिहून ठेवा. पेशी कुणाच्या: वय, प्रदेश, मूळ आजार. मूळ पेपर कुठला, आणि तो स्वतः वाचलाय का. मी ज्या प्रथिनाबद्दल विचारतेय, त्याचं जनुक या पेशींत निरोगी आहे का. एसटीआर प्रोफाइल कधी केलं, म्हणजे बाटलीवर नाव आहे त्याच पेशी आत आहेत याची खात्री कशी केली. मायकोप्लाझ्माची चाचणी कधी झाली. एक दुपार जाते याला.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता लिहिलंय: ‘हेप-जी२. एका मुलाच्या. वय १५, अर्जेंटिना. हेपॅटोब्लास्टोमा.’ त्याचं नाव मला माहीत नाही. पण बाटली इन्क्युबेटरमधून काढताना आता तो आठवतो. पुढच्या सेमिनारला दुसऱ्या स्लाइडवर तेच लिहिणार आहे.